पुढच्याच्या पाठीला डोळे नसतात

शंकरपटाचा, बैलांच्या शर्यतीचा, विषय निघाला की आमच्याकडची माणसं हळवी होतात. डोळे बारीक करून, कुणाच्या जोडीनं कुणाला किती पावलांनी मागं टाकलं ते सांगत बसतात. मी उठून गोठ्याकडं जातो. घरच्यांना वाटतं, हा माणूसघाणाच आहे. असू दे. मला त्या खेळाची शिसारी आहे. बैलानं छाती फुटेस्तोवर पळायचं आणि मिशीला पीळ माणसानं द्यायचा, असला तो खेळ. तो खेळणाऱ्यांची मला शिसारी आहे आणि त्याचा निवाडा करणाऱ्या पंचांची तर जास्तच. हे मी लांब उभा राहून बोलत नाही. मी छकडा हाकणारा धुरकरी होतो. पुढं पंचही झालो. तेव्हा खाली जे वाईटसाईट लिहिणार आहे, त्यात माझा वाटा धरूनच वाचावं.

गोष्ट निजामाच्या राजवटीतली, दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांतली. आमचं गाव जिंतूर तालुक्यात, बोरीपासून आत. माझ्या आणि अप्पाच्या शेताच्या बांधावर एकच विहीर होती, दोन मोटांची. अप्पा माझा नात्यातला नव्हे. त्यांचं घर लिंगायताचं, आमचं कुणब्याचं. माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठा, म्हणून अप्पा म्हणायचं आणि अरेतुरे करायचं. त्याची मोट विहिरीच्या त्या अंगाला, माझी ह्या अंगाला. आठ वर्षं आम्ही समोरासमोर मोट हाकली. कुणाच्या घरात आज भांडण झालंय, हे नुसत्या बैल हाकण्याच्या आवाजावरून एकमेकांना कळायचं.

आता मोटा गेल्या, इंजिनं आली, म्हणून सांगावं लागतं. बैल उतरणीवरून खाली चालत गेले की चामड्याची मोट भरून वर येते. उतरणीच्या टोकाला बैल थांबले पाहिजेत, आणि मोट रिकामी झाली की उलट्या पावली वर आले पाहिजेत. हे कासरा ओढून करायला गेलं तर आठ दिवसांत बैलाच्या नाकाची चाळण होईल. म्हणून मोट हाकणारा बैलांना आवाजावर शिकवतो. ज्याचा त्याचा आवाज निराळा. माझा असा होता: टाळ्याला जीभ लावून दोनदा टक् टक्, आणि मग घशातल्या घशात हूंऽ. तो ऐकला की माझे बैल असतील तिथं पाय रोवायचे आणि मागं सरायचे. रस्त्यानं जाताना गंमत म्हणून केलं तरी सरायचे. अप्पा म्हणायचा, "ही बैलं न्हाईत, तुझ्या सासुरवाडीची माणसं हायती. तू हूं म्हणलं की मागं."

अप्पाची जोडी लालकंधारी. एकाच गाईची, लागोपाठच्या वेतांची दोन वासरं त्यानं घरी वाढवली होती. चार भावांत तो धाकटा, अंगानं ठेंगणा, बोलायला भिडस्त. लग्नाकार्यात त्याला कुणी पुढच्या रांगेत बसवलं नाही. पंगतीत वाढपी त्याच्यापाशी आला की भांडं रिकामं झालेलं असायचं. पण महादेवाच्या यात्रेला पट भरला, आणि चारठाण्यापासून बोरीपर्यंतच्या जोड्या आल्या, की लोक त्याला वाट करून द्यायचे. वर्षातला तो एक दिवस त्याचा होता. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस आम्हा सगळ्यांचे.

मला काय कमी होतं? काही नाही. जमीन त्याच्या तिप्पट, बैल दोन जोड्या, बोलायला मी कधी कुणाला हार गेलो नाही. तरी मला तो एक दिवसही हवा होता. त्याला एक कारण झालं, तेही सांगतो, म्हणजे कारण किती हलकं होतं ते कळेल. आदल्या वर्षी मी माझी मोटेची जोडी पटात उतरवली तेव्हा पारावरचा एक जण म्हणाला, "पाटात पाणी सोडायला आणलीत का ही?" लोक हसले. अप्पाही हसला. बस, एवढंच. अप्पाचं हसू मी वर्षभर उरात घेऊन हिंडलो.

आमच्या पटाची वाट इतर गावांसारखी सरळ नव्हती. देवळामागून तीनशे पावलं मोकळं रान, तिथं दोन छकडे बरोबरीनं सुटायचे. मग नळी. दोन्ही बाजूंनी बाभळीचं दाट कुंपण आणि मध्ये एका छकड्यापुरती जुनी गाडवाट. जो आधी शिरेल तो पुढं, दुसऱ्यानं त्याच्या मागून यायचं. नळीत ओलांडायला जागा नाही. बाहेर पडलं की पुन्हा मोकळं रान आणि दीडशे पावलांवर निशाण. खरी शर्यत त्या दीडशे पावलांत व्हायची.

त्या वर्षी शेवटच्या फेरीला अप्पा आणि मी असे दोघेच उरलो. नळीच्या तोंडाशी माझी जोडी अर्ध्या अंगानं पुढं होती, म्हणून मी आधी शिरलो. शिरल्याबरोबर कळलं की माझ्या बैलांचा दम संपलाय. मागं अप्पाच्या बैलांच्या गळ्यातल्या घागरमाळा वाजत होत्या आणि जवळ येत होत्या. मी एकदा मागं वळून बघितलं. त्याच्या बैलांची तोंडं माझ्या छकड्यापासून हात-दीड हातावर. अप्पा हसत होता. मला नव्हे. चांगली जोडी हातात असलेला माणूस हसतो तसा, आपल्याशीच. बाहेर पडल्यावर वीस पावलांत तो मला मागं टाकणार, हे त्यालाही दिसत होतं आणि मलाही.

मी तोंड पुढं केलं आणि टक् टक् करून हूंऽ म्हणालो.

पुष्कळ वर्षं मी मनाशी म्हणत आलो की मला फक्त त्याची चाल मोडायची होती, माझे बैल पळता पळता आवाज मानतील असं वाटलं नव्हतं. ते खोटं आहे. मानतील हे मला माहीत होतं. नळीत बाजूला व्हायला जागा नाही हे माहीत होतं. तो किती जवळ आहे हे मी वळून बघितलं होतं. एवढं सगळं माहीत करून घेऊन मग माणूस जे करतो, त्याला चूक म्हणत नाहीत.

माझ्या बैलांनी पुढचे पाय मातीत रोवले, चार पावलं फरफटले आणि मोटेवर सरतात तसे मागं सरले. छकडा दोन हात मागं आला. त्याच्या मागच्या बाजूनं निघालेलं लाकूड अप्पाच्या उजव्या बैलाच्या छातीत गेलं. बैल ओरडला नाही. गुडघ्यावर बसला. अप्पा पुढं फेकला गेला, उठला, आणि त्यानं आधी बैलाच्या तोंडाकडं बघितलं.

मी बैल हाकले. लाकूड बाहेर आलं ते मी पुढं हाकलं म्हणून. निशाणापर्यंत गेलो. लोकांनी टोप्या उडवल्या. नंतर पंचांपैकी एक जण माझी पाठ थोपटून म्हणाला, एवढा दणका बसला तरी गड्यानं शर्यत सोडली न्हाई. असल्या लोकांच्या हातात निवाडा होता.

पंच तिघं. गावचे पाटील, बोरीकडचे एक जमीनदार आणि देवळाचे पुजारी. त्यांची निवाड्याची एक रीत होती आणि तिचा त्यांना भारी अभिमान. छकडे धडकले की बैलांची नाकं तपासायची आणि धुरकऱ्यांचे तळवे. कासरा जोरात ओढला तर वेसणीनं नाक सोलतं आणि तळव्यावर दोरीचा वळ उठतो. पुढच्याच्या बैलाचं नाक सोललेलं असेल तर त्यानं मुद्दाम रोखलं. नसेल तर चूक मागच्याची, त्यानं अंतर राखलं नाही. सात गावांचं शहाणपण एका वेसणीत मावायचं.

माझ्या बैलांची नाकं स्वच्छ. माझे तळवे स्वच्छ. अप्पाच्या डाव्या बैलाच्या नाकातून रक्त गळत होतं आणि अप्पाचे दोन्ही तळवे फाटले होते, कारण शेवटच्या घटकेला जोडी रोखायला त्यानं जिवाच्या आकांतानं कासरा ओढला होता. ज्यानं वाचवायची धडपड केली त्याच्याच अंगावर खुणा. पाटील म्हणाले, बघा, ह्याचीच बैलं हाताबाहेर गेली होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या माना डोलावणाऱ्यांतला एकूणएक माणूस मोट हाकणारा होता. बैल कासऱ्याशिवाय, नुसत्या आवाजावर थांबतो, हे त्यांच्या हाताखालून रोज शंभर वेळा जात होतं. पण शेतातली अक्कल पटात आणायची नाही, अशी जणू शपथ घेतली होती सगळ्यांनी. धक्का मागून बसला तर माझ्या चाकांच्या खुणा दोन हात मागं कशा, हेही कुणी बघितलं नाही. बैल मरतो कसा ते बघायला धावलेल्या लोकांनी त्या खुणा पायाखाली पुसून टाकल्या होत्या.

बंदोबस्ताला पोलिसांचे अमीनसाहेब आले होते. ते लांब खाटेवर बसून विडी ओढत होते. त्यांना सगळं सांगितल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"अरे, लेकिन आगेवाला रुका कायकू?"

सगळ्यांची तोंडं पाटलांकडं वळली. मी बैलाच्या पाठीवरची धूळ झटकू लागलो. मग पाटील हात जोडून, लहान मुलाला समजवावं तसे म्हणाले, "हुजूर, पुढच्याच्या पाठीला डोळे नसतात."

लोक गालात हसले. अमीनसाहेबांनी खांदे उडवले, विडी टाकली आणि घोड्याकडं गेले. ते गेल्यावर जमीनदार म्हणाले, सायबाला बैलातलं काय कळतंय. मला सरकारी माणसाबद्दल उभ्या आयुष्यात माया वाटली नाही. पण त्या दिवशी सगळ्या यात्रेत एकच शहाणा प्रश्न विचारला गेला, आणि तो ज्यानं जन्मात बैल हाकला नव्हता त्यानं विचारला.

मागच्यानं अंतर राखावं हा नियम खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण नियमाला दुसरंही अंग असतं. पुढच्यानं कारण नसताना थांबू नये. मागच्याला पुढचा दिसतो, पुढच्याच्या मनात काय आहे ते दिसत नाही. पंचांना हे कळत नव्हतं असं नाही. त्यात नाक तपासून मोठेपणा मिळत नव्हता, म्हणून ते नको होतं.

शेवटी पुजाऱ्यांनी पिंडीवरचा बेल आणून माझ्या हातात दिला. महादेवाचा बेल उचलून बोललेलं आमच्याकडं कुणी मोडत नाही. पाटलांनी विचारलं, "कासरा ओढलास?"

"न्हाई."

खरं होतं. म्हणून आवाजही कापला नाही. उलट मला त्या क्षणी आपण फार हुशार आहोत असं वाटलं, हे सगळ्यांत घाण.

मग त्यांनी अप्पाला विचारलं, तुला काही म्हणायचंय का. अप्पानं माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता बोलतो. तो म्हणाला, "मला बैलाकडं जाऊ द्या."

निकाल झाला. चूक मागच्याची. अप्पाला पट कायमचा बंद. आणि रीतीप्रमाणे, चूक ज्याची त्यानं अनवाणी येऊन आपल्या जोडीच्या गळ्यातल्या घागरमाळा सोडायच्या आणि सगळ्यांदेखत दुसऱ्याच्या जोडीला स्वतःच्या हातानं बांधायच्या.

दिवस मावळायच्या आत अप्पानं ते केलं. एक माळ उभ्या बैलाची सोडली, एक आडव्या पडलेल्या बैलाची. त्या माळेला रक्त लागलं होतं ते त्यानं धोतरानं पुसलं. माझा बैल बुजला तर त्याच्या गळ्याखालच्या पोळीवरून हात फिरवून त्याला शांत केलं. गाठ मारताना दोरी आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं घालून बघितली, बैलाला काच बसू नये म्हणून. सोलवटलेल्या हातांनी. मी शेजारी डोक्याला नवा पटका बांधून उभा होतो.

बैल तिसऱ्या दिवशी मेला.

त्यानंतरची दोन वर्षं मी कुणाला सांगितली नाहीत. एका बैलावर मोट चालत नाही. अप्पानं गावातल्या एकाच्या लंगड्या बैलाशी सावड केली, तो एक दिवसाआड मिळायचा. त्याचं अर्धं रान कोरडं राहू लागलं. आणि मी विहिरीच्या ह्या अंगाला, माझे बैल घागरमाळा वाजवत उतरणीवरून खाली. पुढचा पट येईपर्यंत माळा काढायच्या नाहीत अशी रीत. टोकाला पोचलं की मला तो आवाज करावा लागायचा. टक् टक्, हूंऽ. समोर अप्पा. मी बैलांना दुसरा आवाज शिकवायला बघितला. शीळ घातली, नुसतं हो म्हणून बघितलं. बैल खाली मुंडी घालून उभे. त्यांनी एकच भाषा शिकली होती, आणि ती बदलायची त्यांना काही गरज नव्हती. पुढं पट आला, गेला, मी पुन्हा जोडी उतरवलीच नाही. लोक म्हणाले, बघा, जिंकून निवृत्त झाला, ह्याला म्हणतात इज्जतदार. माळा तशाच राहिल्या. अप्पा दिवसभर तो आवाज ऐकायचा आणि त्याबद्दल एक शब्द बोलत नसे. माझ्याशी बोलायचा. पाळी ठरवायचा, मोटेचा दोर, सोंदूर, तुटला तर आपला द्यायचा. मला वाटलं, दणक्यात त्याला ऐकू आलं नसेल. असं वाटून घेणं सोयीचं होतं.

मग जमीनदार वारले आणि त्यांच्या जागी मला पंच केलं. का? तर मी बेल उचलून खरा ठरलेला माणूस. त्या निवडीला कुणी हसलं नाही.

पंच म्हणून माझ्या पहिल्याच पटात नळीत दोन छकडे धडकले. मागचा धुरकरी बोरीकडचा तरणा गडी. त्याच्या छकड्याची दांडी मोडली, बैल वाचले. तो म्हणत होता, ह्यानं मुद्दाम चाल तोडली. आणि मी नळीच्या कडेला उभा होतो, मी बघितलं होतं. पुढच्यानं आधी मागं वळून बघितलं होतं. अंतर मोजलं होतं. वळून बघणारा माणूस का वळतो, हे त्या सगळ्या यात्रेत मला एकट्याला पक्कं ठाऊक होतं.

मी पुढच्याच्या बैलांची नाकं तपासली. तळवे तपासले. दोन्ही स्वच्छ. मग घसा साफ करून म्हणालो, पुढच्याच्या पाठीला डोळे नसतात. लोकांनी माना डोलावल्या. त्या मानांना मी मनात शिव्या दिल्या, पण वाक्य तर माझ्याच तोंडून गेलं होतं. गर्दीच्या कडेला अप्पा उभा होता. तो वळला आणि गावाकडं चालायला लागला. बोरीच्या गड्यानं आपल्या माळा सोडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर अप्पानं आपली मोट मध्येच थांबवली आणि काठावर येऊन बसला. माझे बैल उतरणीला लागले होते.

"काल नाकं लय बारकाईनं तपासलीस," तो म्हणाला.

मी बैल हाकले.

"त्या दिशी मी तुझा आवाज ऐकलाय. आठ वर्षं ऐकायलोय. चुकंल व्हय?"

बैल चालत होते. मी त्यांच्या मागं. मान वळवायचं मला धाडस झालं नाही. "मग पंचापुढं बोलला का न्हाईस?"

"बोललो असतो तर पाटलानं तुला पुन्हा बेल दिला असता. आन् तू उचलला असतास." मग तो म्हणाला, "खोटा बेल उचलताना तुला बघायचं नव्हतं मला. एक बैल गेला तेवढं बास झालं. मला वाटलं, आपणहून बोलशील कवातरी. काल चांगली जागा होती."

बैल टोकाला पोचले. मोट वर येऊन लोंबकळत होती. आता आवाज करायला हवा होता आणि माझी जीभ टाळ्याला लागेना. बैल जोर धरून थरथरत उभे. तेव्हा पलीकडून, विहिरीच्या काठावर बसल्या जागेवरून अप्पानं टक् टक् केलं, आणि घशातल्या घशात हूंऽ म्हणाला. हुबेहूब. माझ्या बैलांनी पाय रोवले आणि ते मागं सरले.

अप्पा उठून आपल्या मोटेकडं गेला.

एवढं झाल्यावर तरी मी पारावर जाऊन बोलायला हवं होतं. मी नाही बोललो. आधी सुगी होती, मग घरात लग्न होतं, मग रझाकारांची धामधूम सुरू झाली आणि गावं ओस पडू लागली. भित्र्या माणसाला सगळ्या जगाचा इतिहास निमित्ताला पुरतो. अप्पा बायकोला घेऊन सोनपेठला लेकीकडं गेला. निजाम गेला, लोक परतले, अप्पा परतला नाही. पट बंद, बैल एक, अर्धं रान कोरडं, कशाला येईल? त्याचं रान मीच बटईनं, अर्ध्या वाट्यानं, करू लागलो. विहिरीच्या दोन्ही अंगाला माझेच बैल.

गेल्या वर्षी यात्रेत, वीस वर्षांनी, मी उभा राहिलो. पट संपला होता, पंच गादीवर बसले होते. आता पाटलांचा मुलगा पंच. मी सगळं सांगितलं. आवाज करूनही दाखवला. मला वाटलं होतं, लोक थुंकतील. थुंकले असते तर बरं झालं असतं.

पाटलांचा मुलगा म्हणाला, "पण काका, कासरा तर ओढला नव्हता ना?"

"न्हाई."

"मग झालं की."

मागून कुणीतरी म्हणालं, निकाल फिरवायचा तर बैलालाबी बोलवा साक्षीला. हशा पिकला. एक म्हातारा माझा दंड धरून मला खाली बसवत म्हणाला, तुमच्यासारखी साधी माणसं राहिली न्हाईत आता. मी कबुली द्यायला गेलो आणि साधा माणूस होऊन घरी आलो. पंचांच्या निकालांच्या पुस्तकात आजही चूक मागच्याचीच आहे. म्हणून हे दुसरीकडं लिहून ठेवतोय.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी मी माळा पिशवीत घालून एस.टी.नं सोनपेठला गेलो. अप्पा जावयाच्या दुकानापुढं बाकड्यावर बसला होता. आणखी ठेंगणा झालेला. मला बघून त्यानं बाजूला सरकून जागा केली. मी बसलो नाही. चपला काढल्या आणि यात्रेत काय बोललो, लोक काय म्हणाले, ते सगळं उभ्यानं सांगितलं. तो ऐकत होता. बैलाची साक्ष ऐकून थोडा हसलासुद्धा.

"चूक माझी होती, अप्पा. पुढच्याची. मुद्दाम केली." मी माळा काढल्या. "रीतीनं ह्या आता मी बांधायच्या."

त्यानं दुकानाच्या मागं परसाकडं हात केला. तिथं एक शेळी होती आणि तुराट्यांचा ढीग.

"माझ्याकडं बैल न्हाई," तो म्हणाला. "कुणाच्या गळ्यात बांधतोस?"

मी माळा तशाच पुढं धरल्या. त्यानं एक माळ माझ्या हातातून घेतली. दोरीच्या फेऱ्यात दोन बोटं घातली, आत मान असल्यासारखी, आणि गाठ जराशी सैल केली. मग दोन्ही माळा घड्या करून माझ्या पिशवीत ठेवल्या आणि जावयाला हाक मारून माझ्यासाठी चहा सांगितला.

परतीच्या एस.टी.त मी ती पिशवी मांडीवर घेऊन बसलो. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला की माळा वाजायच्या. दोन-तीनदा वाजल्यावर शेजारच्यानं विचारलं, "चांगल्या हायती की. कुणाच्या?"

मी म्हणालो, "माझ्या न्हाईत."